जिभेपलीकडचं पाणी

ती पेला ओठांशी नेणार, एवढ्यात प्रयोगशाळेच्या मॅडमनी पेल्यावर तळहात ठेवला. नुसता ठेवला. ओढून घेतला नाही, ढकलला नाही. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा ठेवला. ‘हे राहू द्या, ताई,’ त्या म्हणाल्या आणि पेला उचलून बेसिनकडे गेल्या. पाणी ओतल्याचा आवाज नेहमीसारखाच झाला. बाकीच्या चाखणाऱ्या आपापल्या पेल्यांत मान घालून बसल्या होत्या, कारण चव घेताना बोलायचं नाही, एकमेकींकडे बघायचंसुद्धा नाही, असा त्या खोलीचा शिरस्ता होता. तिचा हात मात्र अजून वरच होता, पेला धरल्यासारखा, बोटं वाकलेली. इतक्या वर्षांत या खोलीत तिनं काय काय तोंडात घेतलं होतं. गढूळ, शेवाळी, गंजकं, कुजक्या पानांचं, नव्या रबराचं. पण हे राहू द्या असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. हात खाली आणायचं तिला सुचलंच नाही. मग तो आपसूकच खाली आला, दमलेल्या माणसानं ओटा बघून टेकावं तसा.

तिचं काम पाणी चाखायचं. लोकांना ते सांगितलं की लोक हसायचे, हेही काम असतं का म्हणायचे. असतं. शहराच्या कुठल्या कुठल्या टोकांवरून बाटल्या यायच्या, त्या अंगाइतक्या कोमट करून झाकणाच्या काचेच्या भांड्यांत तिच्यापुढे मांडल्या जायच्या. झाकण जरासं कलतं करायचं, आधी नाक न्यायचं, मग घोट घ्यायचा, तो जिभेच्या शेंड्यावरून कडेला, कडेवरून मुळाशी फिरवायचा, थुंकायचा, आणि थोडं थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. काही चवी पाहुण्यांसारख्या असतात, निघून गेल्यावर कळतं की येऊन गेल्या. यंत्रं होती, मोठी मोठी होती, पण शेवाळ्याची मातकट चव यंत्राच्या आधी बाईच्या जिभेला कळते असं मॅडमच सांगायच्या. म्हणून सकाळी चहा नाही, कांदा नाही, वासाचं तेल नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. नवरा म्हणायचा, लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, गजऱ्यातली बायको येईल घरी, आली ती पाण्यासारखी. अंगाला ना वास ना रंग, पण नसली की जीव जातो. हे शेवटचं तो फार क्वचित म्हणायचा, आणि तेही भांडण मिटवायला.

जीभ तिला आईकडून आली होती. आई पहाटे पाणी भरायची आणि भरताना गुणगुणायची. जुन्या चालीवर आपलेच शब्द बसवायची, काल एक, आज दुसरे. त्यातली एक जोडी तिच्या मनात कायमची राहून गेली होती: पाण्याला रंग नाही, पाण्याला नाही वास, माझ्या गं बाळाचा, त्याच्यावरी विश्वास. आई ओंजळभर पाणी आधी स्वतः प्यायची, क्षणभर डोळे मिटायची, मग हंडा घरात यायचा. तोवर कुणी भांड्याला हात लावायचा नाही. घरोघरी असंच असतं असं तिला लहानपणी वाटायचं. पुढे कळलं की नसतं. लोक न चाखताच पितात. तेव्हा तिला त्यांची कीव आली होती. तीच रीत तिनं आपल्या घरात आणली, आणि घरातून ती कधी जिना उतरली तिचं तिलाच कळलं नाही. नळ दुरुस्त झाला, टाकी धुतली, पाण्याला जरा वास आला, की इमारतीतली माणसं तांब्या घेऊन तिच्या दाराशी. पाणीकाकू, जरा बघता का. ती बघायची. चोख आहे म्हणाली की सगळी इमारत प्यायची. थांबा म्हणाली की थांबायची.

मॅडमनी तिला बाहेरच्या बोळात नेलं. तिथं रिकाम्या बाटल्यांचे क्रेट होते आणि एक न चालणारा पंखा होता. मॅडम वयानं तिच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण सकाळी सकाळीच त्यांचा चेहरा संध्याकाळचा झाला होता. त्यांनी सांगितलं ते असं, की पूर्वेच्या विहिरींचं पाणी बाहेरगावी तपासायला दिलं होतं, त्यात काही रसायनं निघाली. माणसानं बनवलेली, निसर्गात कुठंच नसलेली. ती मोडत नाहीत. उन्हानं नाही, जंतूंनी नाही, वर्षांनीही नाही. उकळून जात नाहीत. पोटात गेली की रक्तात मुक्काम ठोकतात आणि बाहेर पडायला फार फार वेळ घेतात. पूर्वेला अग्निशामक दलाचं सरावाचं मैदान आहे ना, तिथं वर्षानुवर्षं जो फेस मारला त्याच्यातून ती जमिनीत उतरली असावीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘लागतं कसं?’

‘कसंच नाही.’

‘साबणासारखं जरा? मागाहून?’

‘नाही हो ताई. जिभेला कळेल इतकं व्हायच्या कितीतरी आधीच शरीराचं नुकसान होतं.’

मग पाणीखात्याचे मोठे साहेबही आले. त्यांनी खाली बघत, हातातली किल्ली फिरवत सगळ्या चाखणाऱ्यांना सांगितलं की टँकरची सोय लागेपर्यंत, कोळशाची गाळणी बसेपर्यंत आठवडाभर तरी ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, उगाच घबराट होईल, दुकानं लुटतील लोक. तुम्ही काही परक्या नाही, घरच्याच आहात, म्हणून सांगितलं. घरचं म्हणून सांगितलेलं बाहेर बोलणाऱ्याचं काय होतं तेही त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. तिनं मान हलवली. मान हलवायची तिला सवयच होती. साहेब गेल्यावर मॅडम मागे रेंगाळल्या. पूर्वेलाच राहता ना तुम्ही, त्यांनी विचारलं. मग विचारलं, मुलीचं बाळ आता काय पितं? ती म्हणाली, आईचंच पीत होतं. मुलगी सोमवारपासून कामावर जाणार, म्हणून आजपासून पावडरचं दूध, बाटलीची सवय लावतोय. मॅडम पंख्याकडे बघत राहिल्या. न चालणाऱ्या पंख्याकडे माणूस इतका वेळ बघत नाही. ‘त्या पाण्यात पावडर कालवू नका,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मी तुम्हाला हे सांगितलेलं नाही.’

दिवसभर तिनं काम केलं. म्हणजे उत्तरेचं, पश्चिमेचं पाणी चाखलं आणि शब्द दिले. किंचित मातकट. किंचित धातूचं. काही नाही. ‘काही नाही’ हा तिचा आवडता शब्द होता, उत्तम पाण्याला याहून मोठं बक्षीस नव्हतं. आज तो तोंडातून निघेना. काही नाही म्हणजे काय? ज्याच्यात काही नाही तेही काही नाही, आणि ज्याच्यात ते आहे तेही काही नाहीच. तिला वाटलं, आपण आयुष्यभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखत होतो, आणि घर मागच्या बाजूनं कधीचं उघडंच होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग येत नव्हता. फक्त दमल्यासारखं वाटत होतं, तेही पायांत नाही, गुडघ्यांत नाही, जिभेत. जीभ दमते हे तिला ठाऊकच नव्हतं.

बस मैदानावरून गेली. ती रोजच जायची, पण आज तिनं खिडकीतून बघायचं टाळलं, आणि टाळल्यामुळेच सगळं दिसलं. वर्षातून एकदा दलाचा प्रात्यक्षिकाचा दिवस असायचा. नवरा तेव्हा ऐन उमेदीत, पिवळ्या टोपात, बुटांचा आवाज करत चालायचा. लोखंडी हौदात तेल पेटवायचे, ज्वाळा झाडाएवढ्या उठायच्या, बायका पदर तोंडाशी न्यायच्या, आणि मग तो नळी खांद्यावर घेऊन पुढे व्हायचा. पांढरा फेस असा निघायचा की वाटावं, ढगालाच कुणी पिळतंय. आग गपकन निजायची. नुसती विझायची नाही, पांघरूण घातल्यासारखी निजायची. मागे उरायचा तो गुडघाभर फेस, आणि त्यात सगळ्या पोरांना सोडून द्यायचे. तिची भिंगरी सगळ्यांत पुढे. पोरगी एका जागी ठरायची नाही म्हणून बापानंच ते नाव ठेवलेलं. भिंगरीनं फेसाची दाढी केली होती, फेसाचं लुगडं नेसली होती, फेस फुंकून उडवला होता, आणि तोंडात गेला म्हणून थू थू करत आईकडे पळत आली होती. आईनं, चाखणाऱ्या आईनं, तिच्या गालावरचा फेस बोटावर घेऊन जिभेला लावून बघितला होता. कडवट, साबणी. काही नाही गं, जा खेळ. घरी आल्यावर झगा धुतला, तेव्हा मोरीभर बुडबुडे झाले होते आणि बुडबुड्यांत सात रंग होते. मग तो फेस कुठं गेला? मोरीतून गेला. मैदानावरून गेला. गेला, एवढंच आपल्याला दिसतं. कुठं गेला हे विचारायला माणसाला कुठं सवड असते?

आणि गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी उठवलं होतं की मैदानामागच्या ओढ्यात मासे उलटे झालेत, पाणी बिघडलंय. त्या संध्याकाळी इमारतीच्या अंगणात माणसं जमली होती. तांबे, बाटल्या, एकानं तर बादलीच आणली होती. तिनं पायरीवर बसून एकेक घोट घेतला होता, डोळे मिटून, आईसारखे. जिन्यातला दिवा तेवढा घूं घूं करत होता. चोख आहे, ती म्हणाली होती, गोड आहे, प्या. आणि माणसं हसत, कशावरून तरी एकमेकांची थट्टा करत वर गेली होती. नवऱ्यानं म्हटलं होतं, आजचा सामना तू जिंकलास. त्या दिवशी तिला किती बरं वाटलं होतं ते आता आठवलं. खोटं ती बोललीच नव्हती. पाणी गोडच होतं.

बसथांब्याजवळच्या दुकानातून तिनं पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या आणि पिशवीत तळाशी ठेवून वर ओढणी टाकली. चोरी केल्यासारखी चालत आली. पण तळमजल्यावरची शिवणवाली खिडकीशीच मशीन लावून बसायची. तिच्या नजरेतून जिन्यातली मांजरही सुटत नसे. पिशवीचा एक बंद सुटला, बाटलीचं निळं झाकण बाहेर आलं. शिवणवालीनं पाय थांबवला, मशीन थांबलं. ‘अगं बाई, पाणीकाकू आणि विकतचं पाणी? सूर्य कुणीकडे उगवला?’ पाहुणे येणारेत, बाहेरगावचे, त्यांना सोसत नाही आपलं, असं ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाची तिला ओळख पटेना. शिवणवालीमागे खोलीत तिची सून खुर्चीवर बसली होती, पोटावर हात ठेवून, दिवस भरत आलेली. हातात पाण्याचं भांडं. ती हसली. काकूही हसली. जिना चढताना तिला कळलं की बाटल्यांना तसं काही वजन नव्हतं. जड होतं ते हे हसणं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात नवरा गॅससमोर स्टुलावर बसला होता, पूर्वी आगीसमोर बसायचा तसा, ज्वाळेवर लक्ष ठेवून. पातेल्यात पाणी रटरटत होतं, खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. नातवाची पहिली बाटली म्हणजे त्यानं स्वतःकडे घेतलेलं काम. भिंगरी बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासायची, उभं राहायची सवय मोडू नये म्हणून चालते म्हणाली. बाळ आपली मूठ चोखत होतं. ओट्यावर पावडरचा डबा, धुतलेली बाटली, बाटलीशेजारी तिनं आधी चाखून बघावं म्हणून काढून ठेवलेली वाटी. नवरा तिला बघून अभिमानानं म्हणाला, ‘नुसती उकळी नाही आणली. आटवलंय. पातेलं अर्धं झालंय बघ. आता यात काय जिवंत राहील?’ त्याचा सगळा जन्म आगीशी भांडण्यात गेला होता, आणि विश्वासही आगीवरच होता.

तिनं गॅस बंद केला. पातेलं फडक्यानं धरून मोरीत ओतलं. वाफ तोंडावर आली, तिला वास नव्हता. तिनं पिशवीतली बाटली काढून ओट्यावर ठेवली. दोघंही तिच्याकडे बघत होते. ‘आटवलं म्हणजे ते दाट झालं,’ ती म्हणाली. ‘जे आहे ते मरणारं नाही. ते कधी जिवंत नव्हतंच.’

मग तिनं बसून सांगितलं. मॅडमनी सांगितलं त्याच क्रमानं सांगायला घेतलं, पण क्रम तिला जमला नाही. आधी विहिरी आल्या, मग साहेबांची किल्ली, मग मध्येच यकृत आणि मूत्रपिंड, मग बाळांची वजनं कमी भरतात म्हणे, लस हवी तशी लागू पडत नाही म्हणे, गळ्यातली ग्रंथी बिघडते म्हणे. ती प्रत्येक वेळी म्हणे म्हणत होती आणि प्रत्येक वेळी भिंगरीचा बाळाच्या पाठीवरचा हात थोडा हळू होत होता. सगळ्यांनाच होतं असं नाही, ती म्हणाली. शक्यता वाढते. किती वाढते ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. शेवटी फेसाचा शब्द आला. तो तिनं नवऱ्याकडे न बघता उच्चारला.

नवऱ्यानं उजवा हात कमरेमागे नेला, जिथं वण होता तिथं. एक मूत्रपिंड काढून टाकलं होतं त्याचं, गाठ निघाली म्हणून. तेव्हा डॉक्टरांनी तंबाखू, दारू, घराणं, सगळं विचारून बघितलं होतं आणि प्रत्येकाला त्यानं नाही म्हटलं होतं. त्यावर तो विनोदही करायचा, बंबाला दोन पंप असतात, एक बसला तर दुसऱ्यावर चालतो. आज त्यानं तो विनोद केला नाही.

‘हे त्यानं झालं का?’

‘कुणालाच सांगता येणार नाही.’

‘असू शकतं?’

‘असू शकतं. नसूही शकतं.’

त्यानं मान हलवली. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी तो फार मऊ आवाजात, जणू कुणाची बाजू मांडावी तसा बोलायला लागला. गोदामाच्या आगीत त्या फेसावर पाऊल देऊन त्यानं तीन माणसं बाहेर काढली होती, त्यातला एक अजून रस्त्यात भेटला की पाया पडतो. फेस नसता तर ती माणसं नसती. आम्हाला सांगितलं होतं, भांडी घासायच्या साबणासारखाच आहे म्हणून. सरावानंतर आम्ही त्यानंच हात धुवायचो. सांगणाऱ्यांना ठाऊक होतं की नव्हतं? हे तो तिला विचारत नव्हता. तो मोरीकडे बघून विचारत होता. त्याच्या तोंडून ‘आम्ही’ हा शब्द येत होता आणि त्या आम्हीत किती जण आता उरले होते याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत चाललेला तिला दिसला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळलं होतं, की पुरुषाच्या कामाला कुणी विष म्हटलं की त्याच्या अंगावर हात ठेवायचा असतो, आणि बोलायचं नसतं.

भिंगरी मात्र थांबली होती. एका जागी उभी. तिला असं उभं बघायची घराला सवय नव्हती. ‘मग माझं दूध?’ ती म्हणाली. ‘मी तर जन्मल्यापासून हेच पितेय.’

हा प्रश्न येणार हे तिला सकाळीच ठाऊक होतं. तिनं बोळातून परत जाऊन मॅडमना तो विचारलाही होता. मॅडमनी खरं ते सांगितलं होतं, आणि खरं सांगणाऱ्याच्या डोळ्यांत जी दमणूक असते ती त्यांच्या डोळ्यांत होती. दुधातही थोडं उतरतं. तरीही पाजत राहा असंच डॉक्टर सांगतात. आईच्या दुधाचा फायदा मोठा. आईनं मात्र आता चांगलं पाणी प्यायला हवं. तिनं ते शब्द जसेच्या तसे पुढे केले, जिभेवर न फिरवता.

भिंगरी हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. ‘म्हणजे मीपण नळच की,’ ती म्हणाली. मग ती खुर्चीवर बसली, बाळाला मांडीवर घेतलं, पदर ओढला आणि त्याच्या तोंडात दूध दिलं. बाळानं डोळे मिटले. गिळण्याचा तो बारीक आवाज खोलीत येत राहिला, एकेक घोट, एकेक घोट. इतका भरवसा ऐकणं सोपं नसतं. भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि हनुवटीवर थांबलं; तिनं ते खांद्यानं पुसलं, हात मोकळा नव्हता. ‘आठवडाभर कुणाला सांगायचं नाही म्हणतात?’ तिनं विचारलं. ‘आणि खालची ती? तिचे दिवस भरलेत. आठवड्यात तिला होईलसुद्धा. तिनं काल मला विचारलं, कुठली पावडर चांगली.’

तेवढ्यात खाली पंप सुरू झाला. रोज या वेळी होतो. भिंतीतल्या नळीतून पाणी वर चढायला लागलं, सगळ्या मजल्यांवरून, सगळ्या मोऱ्यांमागून, वरच्या टाकीकडे. तिनं तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता, तिन्हीसांजेच्या दिव्यासारखा. तो आला की घरात सगळं ठीक आहे असं वाटायचं. आता तिला प्रत्येक घर दिसायला लागलं. वरच्या मजल्यावरचे मास्तर औषधाची गोळी तळहातावर घेऊन नळाखाली भांडं धरतायत. समोरच्या जुळ्या पोरी एकाच बाटलीवरून भांडतायत. खालची सून. आणि सगळ्यांच्या घोटामागे तिचा शब्द, चोख आहे, गोड आहे, प्या. साहेब म्हणाले तसं आपण घरचे. पण कुठल्या घरचे? निवृत्तीला थोडंसंच उरलं होतं. तिला झोपावंसं वाटलं. बाळाशेजारी अंग टाकावं, तोंडावर पदर घ्यावा, आणि सगळं मॅडमनी, साहेबांनी, टँकरनी बघावं. ती उठली तेव्हा गुडघा कटकन वाजला.

‘निघालीस?’ नवरा म्हणाला.

‘हो.’

‘काढून टाकतील.’

‘टाकू देत. चाखायला ठेवलं होतं मला. गप्प बसायचं काम वेगळं, त्याला वेगळा माणूस ठेवावा त्यांनी.’

नवऱ्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मग स्टुलावरून उठून चपला शोधायला लागला. वण ओढला असावा, कारण वाकताना त्यानं ओट्याचा आधार घेतला. एकटीनं सगळा जिना करशील तर रात्र होईल, तो म्हणाला; इमारत रिकामी करताना आम्ही दोन टोकांनी सुरुवात करायचो. तू खालून ये. मी वरून येतो.

शिवणवालीनं दार उघडलं, तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत टाचणी. काकूनं उंबऱ्यातूनच सांगितलं, फार थोडक्यात. पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, उकळून उपयोग नाही, सुनेला तर मुळीच नको. अंघोळीला चालेल. शिवणवालीनं टाचणी तोंडातून काढून मोजपट्टीत खोवली. पाहुणे? तिनं विचारलं. पाहुणे नाहीत, काकू म्हणाली. शिवणवालीनं तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मघाची पिशवी, उन्हाळ्यातली ती संध्याकाळ, सगळं होतं. मग आतून सुनेनं विचारलं, कोण आहे, आणि शिवणवालीनं मागे न बघता सांगितलं, ‘भांडं खाली ठेव आधी.’ एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर काकूनं पदरात घेतल्या असत्या. शेजारच्यांनी दिल्याही थोड्या. तिसऱ्या दाराशी एकानं विचारलं, खात्यानं का नाही सांगितलं, तुम्ही कोण सांगणाऱ्या? ती म्हणाली, मी कुणी नाही, पण मी खात्यात आहे आणि मी सांगतेय. चौथं दार उघडलं नाही; तिनं दारावरच सांगितलं, लाकडाला तोंड लावून, आतून कुणीतरी बरं म्हणालं.

एकेक पायरी आता एकेक वर्ष वाटायला लागली. मधल्या वळणावर तिला नवऱ्याची चाहूल लागली. तो वरून उतरत होता, कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्याच्यामागे वर माणसं बोलत होती, दारं उघडत-मिटत होती, कुणीतरी टाकीचा कॉक बंद करायला गच्चीवर धावलं होतं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. धाप लागली होती. वणावर हात होता. त्यांनी काही वेळ नुसता श्वास घेतला, आधी आपापला, मग एकमेकांच्या लयीत.

‘मास्तर ऐकेनात,’ तो म्हणाला. ‘म्हणतात, रोजचंच पाणी आहे, आत्ताच प्यालो. पाणीकाकूंना विचारून या म्हणाले, चव कशी आहे.’

तिनं तोंडातली लाळ गिळली. तिला कसलीच चव नव्हती.

‘चांगली आहे म्हणून सांगा,’ ती म्हणाली. ‘आणि काकूच्या जिभेवर जाऊ नका म्हणावं.’